गोडेल, पेनरोज आणि चार ओळींचा लूप

हल्ली कोड लिहून देणाऱ्या प्रोग्रॅमचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अरे, त्याला समजत थोडंच काही! गोडेलनं सिद्धच केलंय की माणूस यंत्राच्या पलीकडे आहे." नोकरीची काळजी असताना हे ऐकायला फार बरं वाटतं. पण गोडेलनं असं काही सिद्ध केलेलं नाही.

हा दावा खरा रॉजर पेनरोज यांचा. १९८९ साली 'द एम्परर्स न्यू माइंड'मध्ये त्यांनी तो मांडला. (२०२० चं नोबेल त्यांना कृष्णविवरांसाठी मिळालं, यासाठी नव्हे!) त्यांचा मुद्दा असा: अंकगणित मावेल अशी, नियमांनी बांधलेली कुठलीही सुसंगत पद्धत घ्या. गोडेलच्या १९३१ च्या प्रमेयानुसार तिच्यात एक विधान असं निघतंच, जे खरं असतं पण तिच्या नियमांनी सिद्ध होत नाही. आपल्याला मात्र त्याचं खरेपण 'दिसतं'. म्हणून आपण यंत्र नाही.

मला खटकतो तो 'सुसंगत' हा शब्द. पद्धत सुसंगत आहे हे आधी ठाऊक असेल तरच ते विधान खरं आहे असं म्हणता येतं. आणि हे ठाऊक कुणाला असतं? फ्रेगेलाही आपली गृहीतकं स्वच्छ दिसत होती. १९०२ मध्ये रसेलचं एक पत्र आलं आणि सगळी इमारत कोसळली. फार कशाला, रामानुजनांनी १९१३ साली हार्डींना कळवलेला मूळ संख्यांबद्दलचा एक दावाही चुकीचाच निघाला होता.

आपल्याच धंद्यातलं बघा. अट कधीच खोटी होणार नाही असा लूप दिसला की आपण न चालवता सांगतो, हा थांबणार नाही. छान. आता हा घ्या: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, १ आला की थांबा. जेमतेम चार ओळी! कुठल्याही संख्येपासून सुरू केला तरी तो थांबतोच का? हा कोलाट्झचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आजवर कुणालाही 'दिसलेलं' नाही. २०२० पर्यंत २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या संख्या तपासून झाल्या, त्याही संगणकानेच.

उलट २०२४ मध्ये डीपमाइंडच्या प्रोग्रॅमनी गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांत ४२ पैकी २८ गुण मिळवले. त्यांना ते गणित समजलं का? मला नाही वाटत. दाढ ठणकते तेव्हा जे काही 'होतं', तसं त्यांच्या आत काही होत असेल असंही वाटत नाही. पण हे माझं वाटणं झालं, आणि ते टिकवायचं तर गोडेल सोडून दुसरा साक्षीदार शोधायला हवा. मला तरी तो अजून सापडलेला नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा.