वकील की वाटेकरी?

कारखान्यात कुणाची बोटे जातात, रस्त्यावर कुणाच्या घरचा कर्ता माणूस जातो. नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर हातात पैसा नसतो. अशा वेळी एखादा वकील म्हणतो, “आता काही देऊ नका. पैसे आले की निम्मे माझे.” दुःखात बुडालेल्या घराला हे उपकारच वाटतात. पण वकिलाला असा हिस्सा ठरवण्याची मुभा नाही, हे आमच्या वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

याविषयीचा एक जुना निकाल मुंबईच्याच वकिलाचा आहे. डिसेंबर 1952 मध्ये त्याने पक्षकाराशी करार केला, की जी रक्कम वसूल होईल तिच्यातला निम्मा वाटा आपला. त्या काळी वकिलाला शिक्षा करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाकडे होता. मुंबई उच्च न्यायालयाने हे गैरवर्तन ठरवून त्याची वकिली सहा महिने बंद केली. तो सर्वोच्च न्यायालयाचाही वकील असल्याने प्रकरण दिल्लीस गेले. 1954 साली तेथेही तो दोषी ठरला. निकालपत्रात त्याचे नाव नाही, ‘जी’ हे एकच अक्षर आहे.

असा करार दोन सामान्य माणसांत झाला असता तर बेकायदा ठरला नसता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण वकिलाला माप वेगळे, असे बजावले. आम्हाला हे पटते. दाव्यात वकिलाचाच वाटा अडकला, की “तडजोड करा” हा सल्ला तो कुणाच्या भल्यासाठी देतो, हे कसे ओळखायचे?

आज 1961 चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट लागू आहे. बार कौन्सिलच्या नियमांतही अशा वाट्याला मनाई आहे. आपल्याकडे तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे लेखी करावी लागते. दोष सिद्ध झाल्यास ताकीद मिळते, सनद काही काळ निलंबित होते किंवा वकिलांच्या यादीतून नावच काढले जाते.

वकिलाने मेहनतीची फी जरूर घ्यावी. ती आधी ठरवावी, पावती मागावी, कोऱ्या कागदावर सही करू नये. फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मागता येतो. गेलेल्या बोटांचा मोबदला मुलांच्या ताटात पडावा, त्यात वाटेकरी नको.