अल्गोरिदमचा संताप आणि मजुराच्या मुलाचा बाक

पुण्याच्या टोलेजंग इमारती स्थलांतरित मजुरांच्या घामावर उभ्या आहेत. मराठवाडा, कलबुर्गी, बिहार, छत्तीसगड येथून आलेली ही कुटुंबे वाघोली, मांजरी, सूस अशा २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांत पत्र्याच्या खोल्यांत राहतात. काम संपले की बिऱ्हाड हलते आणि मुलाची शाळा सुटते. हा प्रश्न जुनाच. आता त्यात मोबाईलची भर पडली आहे.

१६ एप्रिल २०२५ रोजी राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी लादणारा शासन निर्णय काढला. जनतेच्या विरोधामुळे २९ जूनला माघार घ्यावी लागली. तो विरोध रास्तच होता, कारण तो सरकारच्या सक्तीला होता. परंतु त्याच सुमारास मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीवरून झालेल्या मारहाणीची चित्रफीत घराघरांत पोहोचली. शासन निर्णय किती जणांनी वाचला? मारहाण मात्र साऱ्या देशाने पाहिली.

असे का होते? समाजमाध्यमांचा अल्गोरिदम न्याय-अन्याय पाहत नाही. माणूस कशावर थांबतो, कशावर भडकतो, काय पुढे पाठवतो एवढेच तो मोजतो आणि तेच पुन्हा पुढ्यात वाढतो. फेसबुकने २०१७ पासून संतापासह इतर भावचिन्हांना साध्या लाईकच्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या त्यांच्याच कागदपत्रांतून उघड झाले.

रात्री हे पाहिलेली मुले सकाळी वर्गात येतात, तेव्हा 'भैय्या' हा शिक्का कोणावर बसतो? विटा वाहणाऱ्याच्या मुलावर! तो आधी गप्प होतो, मग शेवटच्या बाकावर जातो, मग शाळेबाहेर. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. ते वेगळेपण आपण विसरायचे काय?

कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ९ नुसार स्थलांतरित मुलांना प्रवेश देणे ही महापालिकेची जबाबदारी आहे. कलम ५ नुसार दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही. कलम १७ मानसिक छळास मनाई करते. संविधानाचे अनुच्छेद ३५०-क प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगते. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मुलांवर पाळत ठेवण्यास बंदी घालतो. पण नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी कंपन्यांना त्यासाठी दीड वर्षाची मुदत दिली. कंपनी थांबू शकते, मुलाचे बालपण थांबत नाही.

म्हणून प्रत्येक शाळेत या मुलांना मराठी शिकवणारा स्वतंत्र तास हवा आणि मोबाईलवर दिसते ते का दिसते, हे सर्वच मुलांना समजावून सांगणारा शिक्षक हवा. मराठी धाकाने नव्हे, मैत्रीने रुजते. आपल्या वस्तीजवळच्या शाळेत जा, पटावर मजुरांची किती मुले आहेत ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर लेखी अर्ज द्या!