वेलदोड्याच्या नावानं चांगभलं

प्रति,
अध्यक्ष, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई

महोदय,

केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांची पत्रं आपल्या दप्तरी आहेतच, तेव्हा नमनाला घडाभर तेल नको. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी आपल्याला लिहिलं. ५ मार्च २०२५ ला आयपीएलच्या अध्यक्षांना लिहिलं. तंबाखू आणि दारूच्या उघड किंवा आडून केलेल्या जाहिराती मैदानावर नकोत, प्रक्षेपणात नकोत. खेळाडूंनीच काय, समालोचकांनीही त्या करू नयेत, कारण क्रिकेटपटू हे तरुणांचे आदर्श आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतरही दोन षटकांच्या मधल्या जागेत जाहिरातीतला चांदीचा वर्ख लावलेला वेलदोडा चमकतच राहिला. आम्हा सीमाभागातल्या माणसांना नवल वाटलं नाही. महाराष्ट्रात जाण्यासाठी १९५६ पासून अर्ज करतोय, उत्तराची वाट पाहणं आमच्या अंगवळणी पडलंय. पण सरकारच्या पत्राचीही तीच गत व्हावी?

मी निपाणीहून लिहितो आहे. तंबाखू म्हणजे काय हे निपाणीला शिकवायची गरज नाही. इथल्या वखारींमध्ये बायकांच्या पिढ्या तंबाखू चाळत, खोकत म्हाताऱ्या झाल्या. तंबाखूच्याच दरासाठी शेतकरी महामार्गावर बसले आणि ६ एप्रिल १९८१ ला त्यांच्यावर पोलिसांच्या गोळ्या चालल्या. आमची पोटं तिच्यावर भरली, हे नाकारत नाही. म्हणूनच सांगतो, निपाणीनं तंबाखूला तंबाखूच म्हटलं. तिला वेलदोड्याचं सोंग घ्यायला लावलं नाही.

ते सोंग तुमच्या खेळातल्या थोरामोठ्यांनी घेतलं. सुनील गावसकर, कपिल देव, वीरेंद्र सेहवाग. तिघांनाही आम्ही डोक्यावर घेतलेलं. 'कमला पसंद' या पानमसाल्याच्या वेलचीच्या जाहिरातीत हे तिघं झळकले. ज्या नावाचा करार अमिताभ बच्चन यांनी २०२१ मध्ये मोडला, तेच हे नाव. २०२२ मध्ये अक्षय कुमारनं तर दुसऱ्या एका वेलचीपायी चाहत्यांची जाहीर माफी मागितली. सिनेमावाल्यांना जी लाज वाटली ती क्रिकेटला का वाटू नये? आपणच २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षक नेमलेल्या गौतम गंभीर यांनी आदल्याच वर्षी अशा जाहिराती करणाऱ्या खेळाडूंना खडे बोल सुनावले होते. निदान त्यांना तरी विचारा.

आमच्या टपरीवर येऊन बघा. त्या नावाची पुडी मागणाऱ्याला वेलदोडा कुणी देत नाही. दोन पुड्या मिळतात, एक मसाल्याची, एक तंबाखूची; तळहातावर एकत्र केल्या की झालं. कर्नाटकात गुटख्याला २०१३ पासून बंदी आहे, ती अशी पाळली जाते. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला गेलात तर महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याबरोबर पानमसाल्यालाही बंदी. म्हणजे दूधगंगेच्या अलीकडे जी पुडी राजरोस टांगलेली, ती पलीकडे गुन्ह्याचा मुद्देमाल. जाहिरात मात्र दोन्ही काठांवर एकच, आणि तोंडंही तीच.

आकडे आपल्याला आवडतात, म्हणून आकडेच देतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखूचं सेवन करणारे २६ कोटी ७० लाख प्रौढ आढळले. त्यातले जवळपास २० कोटी धूरविरहित तंबाखू, म्हणजे हीच पुडी-मावा-जर्दा, खाणारे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं भारतात तंबाखूनं वर्षाला साडेतेरा लाख माणसं मरतात. २०२३ मध्ये धूरविरहित तंबाखूच्या आडून केलेल्या ज्या जाहिराती दिसल्या, त्यातल्या सुमारे ४१ टक्के एकट्या विश्वचषकाच्या शेवटच्या १७ सामन्यांत होत्या, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी मोजलं. यजमान कोण होतं, हे मी आपल्याला सांगावं का? आणि आयपीएलच्या पाच हंगामांचे प्रसारण हक्क आपण विकले ४८,३९० कोटींना. एवढ्या पैशात पुडीवाल्यांना 'नको' म्हणायची ऐपत येत नसेल तर कितीत येते, तो आकडा कळवावा.

खेळाडू काही संत नाहीत, त्यांच्याकडून आदर्शाची अपेक्षा का, असं म्हणणारे आहेत. मलाही ते कधी कधी पटतं. पण आपल्याला ते म्हणता येत नाही. दिग्वेश राठी नावाच्या पोरानं २०२५ च्या आयपीएलमध्ये बळी घेतल्यावर वहीत लिहिल्याचा अभिनय केला. आपण त्याचं सामन्याचं मानधन आधी २५ टक्के, मग ५० टक्के कापलं, शेवटी एक सामना बाहेर बसवलं. हातवाऱ्यांनी पोरं बिघडतात आणि पुडीनं बिघडत नाहीत, हे कुठलं शास्त्र? वर्तन सांभाळणं हे आपलंच काम आहे, हे न्यायालयानंही सांगून झालंय. २०१९ च्या कर्नाटक प्रीमियर लीगमधलं सामनेनिश्चितीचं प्रकरण आठवत असेल. आमच्या 'बेळगाव पँथर्स'च्या मालकालाच अटक झाली होती. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं फसवणुकीचा खटला रद्द केला आणि शिस्तीची कारवाई करायला मंडळ आहे, असं म्हटलं. कायदा जिथं हात टेकतो तिथून पुढं आपण आहात, साहेब.

सचिन तेंडुलकरनं तंबाखूची जाहिरात करणार नाही हा वडिलांना दिलेला शब्द पाळला, तोही भारतीय संघाच्या छातीवर सिगारेटचं नाव मिरवलं जात होतं त्या काळात. ते नाव छातीवर कुणी लावलं होतं? (याच सचिननं पुढं ऑनलाइन खेळांची जाहिरात केली आणि तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांना त्याच्या दारात आंदोलन करावं लागलं, हेही इथं नोंदवतो. आदर्श अर्धेमुर्धेच मिळतात.)

बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकाराचं कांस्यपदक घेऊन आली. शेतकऱ्याची पोर. तिचं तोंड कुठल्या पुडीवाल्याला लागत नाही, कारण तिला टीव्हीवर कुणी ओळखत नाही. ओळख तुम्ही देता, म्हणून जबाब तुम्हाला विचारतो.

आता मागणी. खेळाडूंच्या आणि समालोचकांच्या करारात एक कलम घाला: तंबाखू किंवा तिच्या नावानं विकली जाणारी कोणतीही वस्तू, मग तो वेलदोडा असो की पाणी, जाहिरातीत धरायची नाही, धरली तर मैदान आणि माइक दोन्ही बंद. तेच कलम प्रक्षेपकाच्या करारातही असू द्या. आयपीएलचे सध्याचे प्रसारण हक्क २०२७ च्या हंगामाबरोबर संपतात. नव्या निविदेचा मसुदा आपल्याच कार्यालयात तयार होईल, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आपला,
निपाणीचा एक क्रिकेटवेडा