प्रश्न विचारणारा वेताळ

परवा नऊ वर्षांच्या भाचीने विचारलं, "मामू, जिन्न खरंच असतात का?" तिच्या हातात चित्रकादंबरी होती. त्यात चार मुलं पडक्या वाड्यातल्या भुताचा छडा लावतात. अम्मी लगेच म्हणाली, "ऐसी किताबां नक्को देव बच्चों कू, रात कू डरते."

माझं मत उलटं आहे. अशी पुस्तकं मुलांना जरूर द्यावीत.

आमच्या कनेरगाव नाक्यावर भीतीसाठी पुस्तक लागत नाही. कोणत्या चिंचेवर कोण बसतं, अमावस्येला कुठून जाऊ नये, हे मूल अक्षरओळखीच्या आधी शिकतं. ही भीती ऐकीव असते, तिला कुणी प्रश्न विचारत नाही. पुस्तकातली मुलं मात्र बॅटरी घेऊन आवाजाच्या दिशेने जातात.

आम्हाला हे 'चांदोबा'ने शिकवलं. चित्रकार शंकर यांचा विक्रम आठवा: हातात तलवार, खांद्यावर प्रेत. वेताळाच्या मूळ कथा पंचवीसच, पण त्या संपल्यावरही 'चांदोबा'ने त्याच साच्यात नव्या कथा रचल्या. त्यातला वेताळ राजाला खात नाही, प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, अशी त्याची अट.

कुरआनातली ७२वी सूरह जिन्नांच्याच नावाची आहे. त्यामुळे आमच्या घरात भाचीचा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पण जिन्न मानणं वेगळं आणि जिन्न उतरवणाऱ्याच्या हाती पोरगी देणं वेगळं. ओळखीतल्या एका मुलीला झटके यायचे. सहा महिने ताईत, धुरी आणि छडी चालली. शेवटी डॉक्टरकडे नेलं तेव्हा फिट्सचा आजार निघाला. गोळ्या सुरू झाल्या, आता ती शाळेत जाते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. मला ते माहीत होतं. तरी त्या सहा महिन्यांत मी बाबाला एक प्रश्न विचारला नाही. उत्तर ठाऊक असून गप्प बसलो.

भाचीला म्हणालो, "अल्लाहची मखलूक आपल्याला दिसते त्याहून मोठी आहे, बेटा. पण जिन्नाच्या नावाने कुणी पैसे मागितले, हात उगारला, तर 'का' म्हणून विचार. आणि मला येऊन सांग."

तिने मान हलवली आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. वाड्याचा दरवाजा नुकताच उघडला होता.