दोरी कोणाच्या हातात?

लीन मॅनेजमेंटबद्दल दोन मते ठासून मांडली जातात. व्यवस्थापनाच्या वर्गात सांगतात, वाया जाणारा वेळ, हालचाल आणि साठा काढून टाकला की मालकाचा खर्च वाचतो आणि कामगाराचे कामही हलके होते. कारखान्याच्या द्वारसभेत सांगतात, हे घामाचा शेवटचा थेंब पिळून घेण्याचे शास्त्र आहे.

दुसरे मत अनुभवातून आलेले आहे, त्याला झटकून टाकता येणार नाही. ही पद्धत जिथे जन्मली त्या टोयोटातच २००२ मध्ये ३० वर्षांचा एक कामगार रात्रपाळीत कोसळला आणि मेला. शेवटच्या महिन्यात त्याचे शंभराहून जास्त तास जादा काम झाले होते. त्यातला काही वेळ गुणवत्ता मंडळाच्या कामात गेला होता, आणि ते काम कंपनीच्या लेखी स्वेच्छेचे होते. २००७ मध्ये नागोयाच्या न्यायालयाने ते तास कामाचेच धरले आणि हा मृत्यू अतिश्रमाचा ठरवला. आपल्या शेजारी कर्नाटकात, बिडदीच्या टोयोटा किर्लोस्करमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये संप आणि टाळेबंदी झाली, तेव्हाही कामगारांच्या तक्रारींत कामाचा न झेपणारा भार होताच.

म्हणून पद्धतच खोटी, असा निकाल मात्र देता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा दाखला आडवा येतो. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, तोवर सुमारे २० टक्के कामगार गैरहजर असत. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. तिथे दोष दिसला की साधा कामगारही डोक्यावरची दोरी ओढून मदत मागू शकत होता, वेळ पडली तर अख्खी लाइन थांबवू शकत होता, आणि त्याबद्दल त्याला कोणी फैलावर घेत नव्हते. १९८८ मध्ये विक्री इतकी घसरली की क्षमतेच्या ६० टक्केही काम उरले नाही. तरीही कोणाला घरी पाठवले नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिले, सुधारणांच्या कामाला लावले. कामाची सुधारणा सुचवली तर आपलीच नोकरी जाईल, ही भीती गेली म्हणून माणसे सुचवू लागली.

ताईइची ओनो यांनी टोयोटात बसवलेल्या विचारात नासधूस जशी शत्रू आहे, तसाच माणसावर पडणारा अवाजवी भारही. आपल्याकडे नक्कल करताना स्टॉपवॉच आणले जाते, दोरी तिकडेच राहते.

नागपूरला ही विद्या नवी नाही. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये गुणवत्तेसाठीचे जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले, आणि त्या विभागाचा एक कारखाना हिंगण्यात आहे. पण उमरेडच्या रस्त्याने भिवापूरला यावे आणि मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे देठ खुडण्याच्या जागी, थोडा वेळ थांबावे. बायका ढिगाशी बसून एकेका मिरचीचा देठ खुडतात. मजुरी किलोमागे. मिरचीचा खाट, म्हणजे झोंबणारी धूळ, नाकातोंडात जातो आणि बोटे पेटतात. पाण्याने हात धुऊन ती आग विझत नाही, कारण तिखटपणा आणणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. माल आला तर काम, नाही आला तर घरी.

हिशेबाच्या वहीत पाहिले तर याहून ‘लीन’ काही नाही. रिकाम्या वेळेचा पगार नाही, बसून राहिलेला माणूस नाही. पण रिकामा वेळ नाहीसा झालेला नसतो. तो मालकाच्या वहीतून पुसला आणि मजूर बाईच्या चुलीवर लिहिला गेला, एवढेच. नासधूस काढणे आणि ती दुबळ्याच्या अंगावर ढकलणे यांत फरक न करणाऱ्याने ओनोंचे नाव घेऊ नये.

खरी सुधारणा इथे करायला भरपूर जागा आहे, आणि तिला जपानी तज्ज्ञ लागत नाही. पाठ टेकवता येईल अशी बैठक, हाताला मोजे, तोंडाला धड मास्क, धूळ बाहेर फेकणारा पंखा. तोल मजूर बाईसमोर व्हावा आणि वजन तिच्याही वहीत चढावे. हात चटचट चालू लागले म्हणून किलोचा दर पाडायचा नाही. खाट सहन होईना तर काम थांबवण्याची मुभा हवी, आणि बोलावून माल आलाच नाही त्या दिवसाची निदान अर्धी मजुरी.

परवडणार नाही, हे मालकांचे उत्तर तयारच असते. मात्र कापूस वेचणी लागली की मजूर मिळत नाहीत, ही ओरडही तेच लोक करतात. दर हंगामात नवे हात शोधायचे, नवख्या हातांकडून अर्धवट खुडलेला माल पुन्हा निवडून घ्यायचा, हा खर्च आज कुठल्याच वहीत मांडला जात नाही. तो मांडून मग परवडण्याची गोष्ट करावी.