माणसे वजा जाता उरलेले बेट

दर हिवाळ्याच्या तोंडावर मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून एक लेख हमखास अवतरतो. त्याचे शीर्षक बदलते, छायाचित्र बदलत नाही: हिरव्यानिळ्या पाण्यात खांबांवर उभी असलेली कुटी आणि तिच्याकडे जाणारी फळ्यांची वळणदार वाट. मालदीवला कसे जावे, किती रात्री राहावे, सीप्लेन आधी कसे ठरवावे, हे सारे त्यात सांगितलेले असते. अलीकडे त्यात एका शब्दप्रयोगाची भर पडली आहे: ‘पर्यावरणस्नेही आलिशान निवास’. आपल्या वाचकाला विश्रांती हवी आहे, ऐश हवी आहे आणि वर मनाला टोचणीही नको आहे, हे पुरवणीकारांनी नेमके ओळखले आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप विश्रांतीला नाही. वर्षभर लोकलच्या डब्यात घाम गाळणाऱ्याने चार दिवस समुद्राकडे पाहत बसावे, याला हरकत घेणारा मनुष्य मला ढोंगी वाटेल. आक्षेप आहे तो या शब्दप्रयोगाला, आणि त्याच्या आडून गाळल्या गेलेल्या माणसांबद्दल.

भाषेपासूनच आरंभ करू, कारण आपला व्यवसाय तोच. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला आपण कंकणद्वीप म्हणतो, त्यासाठीचा ‘अ‍ॅटॉल’ हा शब्द जगाला मालदीवच्या धिवेही भाषेने दिला. धिवेही भारतीय आर्य कुळातली. सिंहलीची सख्खी आणि मराठीची चुलत बहीण. तिच्यात माशाला ‘मस’ म्हणतात. मराठी कानाला याचे भाषांतर करून सांगावे लागत नाही. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘फुटक्या कवडीचीही किंमत नाही’ म्हणतो. ती कवडी शतकानुशतके मुख्यतः याच बेटांवरून निघे, बंगालात उतरे आणि नाणे होऊन हाताहातांतून फिरे. चौदाव्या शतकात इब्न बतूता येथे काझी म्हणून राहिला होता. त्याच्या वृत्तान्तात कवड्या आहेत, नारळाचा काथ्या आहे, सुकवलेले मासे आहेत, आणि बायकांनी अंगभर वस्त्रे ल्यावीत असा हुकूम सोडून त्यात साफ हरलेला खुद्द काझीही आहे. म्हणजे माणसे आहेत, आणि तीही ऐकून न घेणारी. सातशे वर्षांनंतरच्या आपल्या प्रवासलेखांत मात्र मालदीवचा एकही माणूस बोलत नाही. शहाळे घेऊन आलेला कोणी हसतमुख सेवक क्वचित दिसतो, पण तो बहुधा बांगलादेशाचा किंवा केरळचा असतो, आणि हे लेखकाने विचारलेले नसते.

हा दोष केवळ लेखकाच्या आळसाचा नाही. माणसे दिसू नयेत अशी व्यवस्थाच तेथे आखलेली आहे. १९७२ साली मालेजवळच्या एका बेटावर पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे धोरण रुजले. सुमारे १२०० बेटांपैकी वस्ती असलेली बेटे दोनशेच्याही आत. पर्यटकांना द्यायची ती उरलेली, ‘निर्मनुष्य’ म्हणून नोंदलेली. जेथे दारू चालते, डुकराचे मांस चालते, ते बेट कायद्याने वस्तीचे नाही. जेथे लोक राहतात, तेथे यांपैकी काही चालत नाही. वस्तीच्या बेटावर पर्यटकाने मुक्काम करण्याची वाट पुन्हा मोकळी झाली ती २००९ नंतर. तोपर्यंतची दोन-अडीच दशके पाहुणा आणि यजमान यांच्यामध्ये खाडी ठेवणे हेच सरकारी धोरण होते. ‘निर्मनुष्य’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा. शेजारच्या बेटावरचे लोक अशा बेटांवर नारळ उतरवायला जात, जळण आणायला जात. मुक्कामाला माणूस नसणे आणि माणसाचा संबंध नसणे यांत फरक आहे. भाडेपट्टा झाला की तो फरक पुसला जातो.

आता ‘पर्यावरणस्नेही’कडे येऊ. बांबूची दंतमंजनकाडी, काचेच्या बाटलीतले पाणी, कागदाची नळी, चादरी रोज न धुण्याची विनंती. यांतले काहीच खोटे नाही, आणि काही रिसॉर्टांनी सौरऊर्जेवर, सांडपाण्यावर, प्रवाळांच्या रोपणावर खरोखर पैसा खर्च केला आहे. पण या सर्वांच्या मुळाशी जी चैन आहे तिचा हिशोब कोणी मांडत नाही. ती चैन म्हणजे एकांत. प्रत्येक बेट स्वतंत्र म्हटले की प्रत्येक बेटाला आपले जनित्र हवे, समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र हवे, सांडपाण्याची सोय, शीतगृह, धक्का आणि पडद्याआड राहणाऱ्या कामगारांची चाळही हवी. अशी पावणेदोनशेच्या आसपास रिसॉर्टे. वीज मुख्यतः डिझेलवर. मासे आणि नारळ सोडले तर पानातले जवळपास सगळे जहाजाने किंवा विमानाने आलेले. किनाऱ्याची वाळू सरकते, कारण वाळूचा धर्मच तो. मग ती पंपाने उपसून पुन्हा पसरायची. आणि या एकांतापर्यंत पोचण्यासाठी सीप्लेन, जे डझन-दीड डझन माणसांसाठी उडते. मोसमात हजारो रुपये आकारणाऱ्या कुटीतल्या पाहुण्याकडून सरकार हरित कर घेते. २०२५ पासून तो रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर झाला. बांबूच्या काडीने जेवढी टोचणी कमी होते, साधारण तेवढाच.

कचऱ्याचे काय होते? मालेजवळ थिलाफुशी नावाचे बेट आहे. ते १९९० च्या दशकाच्या आरंभी एका उथळ खाजणात कचरा टाकून टाकूनच तयार झाले. तेथे उघड्यावर जळणाऱ्या कचऱ्याचा धूर २०२१ पर्यंत राजधानीच्या आकाशात दिसत असे. पुरवणीतल्या नकाशात हे बेट नसते.

दुसरी बाजू मांडली पाहिजे. पर्यटनाने त्या देशाला दारिद्र्यातून वर काढले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. रिसॉर्टच्या भोवतालच्या प्रवाळांवर मासेमारी होत नाही, म्हणून तेथे मासळी टिकून आहे. झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच बांधू नये या दंडकाने बेटांची रूपरेषाही वाचली. आपल्याकडच्या किनाऱ्यांवर जे चालले आहे ते पाहता हा संयम थोडा नाही. पण १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापला तेव्हा प्रवाळांनी रिसॉर्टची हद्द पाहिली नाही; २०१६ मध्ये पाहणी केलेल्या प्रवाळांपैकी ६० टक्क्यांहून अधिक पांढरे पडले. राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी १७ ऑक्टोबर २००९ रोजी पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली, २०२० पर्यंत देश कार्बनमुक्त करू असेही त्याच वर्षी सांगितले. छायाचित्र जगभर छापले गेले. २०२० आले आणि गेले.

आणि पाणी. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेतल्या निःक्षारीकरण केंद्राला आग लागली आणि सुमारे लाखभर लोक एकाएकी पिण्याच्या पाण्यावाचून अडकले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवले. ज्या देशाच्या राजधानीचा घसा असा एका यंत्रावर अवलंबून आहे, त्या देशात प्रत्येक कुटीमागे गोड्या पाण्याचा खासगी तलाव असणे याला ‘स्नेह’ हा शब्द कसा लागतो, हे कोशकारांनी सांगावे.

मग जाऊच नये काय? जावे. पण वस्तीच्या बेटावर जावे. तेथे आता शेकड्यांनी घरगुती अतिथिगृहे आहेत, सार्वजनिक फेरीबोट आहे, संध्याकाळी बंदरावर दोरीच्या विणलेल्या आसनांवर टेकून गप्पा मारणारे लोक आहेत. वीज-पाणी तेथेही डिझेलवरच, पण ते साऱ्या गावाने वाटून घेतलेले. दारू मिळणार नाही, अंगावर थोडे अधिक कपडे ठेवावे लागतील (बतूताचा हुकूम अखेर असा अमलात आला), आणि पोहण्यासाठी पाहुण्यांचा किनारा वेगळा असेल. गाव म्हटले की गावाच्या कुरबुरीही आल्या: माफुशीसारख्या बेटावर एवढी दाटी झाली आहे की तेथे शांतता शोधू नये, लहान बेट निवडावे. रिसॉर्टच हवे असेल तर आरक्षणापूर्वी पत्र लिहून विचारावे: पाणी कोठून येते, कचरा कोठे जातो, विजेतला किती वाटा सूर्याचा, आणि तुमचे कामगार कोठे झोपतात. शेवटच्या प्रश्नाला उत्तर येते का, ते पाहावे.

हा प्रश्न आता परक्या देशापुरता उरलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये मालदीववर बहिष्काराची लाट उसळली आणि एका रात्रीत सगळ्यांना लक्षद्वीप आठवले. ३२ चौरस किलोमीटर भूमी, ३६ बेटांपैकी वस्ती दहांवर, २०११ च्या जनगणनेत माणसे ६४ हजारांच्या घरात. देशभक्तीच्या त्या उत्साहात मागणी मात्र एकच होती: मालदीवसारखे करा. तिची तयारी आधीच झाली होती. २०२१ सालीच मिनिकॉय, सुहेली आणि कदमत या तीन बेटांवर पाण्यातल्या कुट्यांसाठी सुमारे ८०० कोटी रुपयांच्या प्रकल्पांच्या जागतिक निविदा निघाल्या होत्या. मिनिकॉयचे लोक महल बोलतात, म्हणजे धिवेहीच. ते ट्युना गळाने पकडतात, एकेक मासा काठीने ओढून. आणि त्यासाठी लागणारे जिवंत आमिष, बोटाएवढे चंदेरी मासे, बेटाच्या आतल्या त्या शांत, उथळ, निळ्या खाजणातून धरतात. कुट्यांचे खांब रोवायचे आहेत तेही अशाच खाजणात.