पुरळ कसलं, ते आधी कळू द्या

मुंबईच्या नाहूरमधल्या एखाद्या ज्युनिअर केजीच्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो : वर्गातल्या एका मुलाला स्कार्लेट फीवर झालाय. ग्रुपवरच्या एका आईला सातवा महिना लागलेला असतो. तिच्या मनात एकच प्रश्न येतो. पोटातल्या बाळाला काही होणार तर नाही ना?

उत्तर दिलासा देणारं आहे. स्कार्लेट फीवरच्या संसर्गाने गर्भात व्यंग येतं, असा पुरावा नाही.

गरोदरपणात पुरळाची धास्ती बसली ती मुख्यतः रुबेलामुळे, आणि तिथे ती रास्तच आहे. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता, हे सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली, त्यामागे हाही धोका होता. गोवरही गरोदर बाईला सोपा जात नाही. गर्भपात होण्याची किंवा दिवस भरण्याआधीच बाळंत होण्याची भीती असते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या अनेक भागांत गोवराची साथ होती. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटन, फ्रान्ससह युरोपातल्या पाच देशांत, ज्याने स्कार्लेट फीवर होतो त्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचे गंभीर आजार वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने कळवलं. ब्रिटनमध्ये स्कार्लेट फीवरचे रुग्णही खूप वाढले होते.

म्हणूनच पुरळ कसलं, हे डॉक्टरांकडून कळून घेणं महत्त्वाचं. स्कार्लेट फीवर हा घशातल्या ‘अ’ गटाच्या स्ट्रेप्टोकोकसचा आजार. आधी घसा दुखतो, ताप चढतो. मग मानेवर, छातीवर बारीक पुरळ येतं आणि हात फिरवला तर ते पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. काखेत, जांघेत लाली जास्त दिसते. गाल लाल, पण तोंडाभोवतीची कातडी फिकी. जीभ लालभडक, वर दाणे. पुढे बोटांच्या टोकांची सालं निघतात.

उपाय साधा आहे : पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, सहसा दहा दिवस. ही औषधं गरोदरपणातही चालतात. पहिल्या डोसानंतर साधारण २४ तासांत मुलाकडून संसर्ग पसरणं थांबतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. अर्धवट उपचारांनी पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात.

जपायचं ते बाळंतपणाच्या आसपास. याच जिवाणूने एकेकाळी बाळंतज्वर होऊन असंख्य बायका दगावल्या. एप्रिल १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या एका प्रसूती विभागात शंभरातल्या १८ बाळंतिणी मरत होत्या. इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि जूनमध्ये हे प्रमाण दोनवर आलं.

सातव्या महिन्यातल्या त्या आईने काय करावं? आपल्या मुलाचा टॉवेल, पेला वेगळा ठेवावा, हात साबणाने धुवावेत. स्वतःला ताप किंवा घसादुखी झाली तर त्याच दिवशी दाखवावं आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगावं. घरात उरलेलं अँटिबायोटिक मनाने घेऊ नये. टेट्रासायक्लिन गटातली औषधं गरोदरपणात टाळतात. दिवस भरत आले असताना घरात कुणाला हा आजार झाला, तर भांडुप असो की मुलुंड, जिथे बाळंतपणासाठी नाव घातलंय तिथल्या डॉक्टरांना फोन करून कळवावं आणि कळा सुरू झाल्यावर दाखल होतानाही पुन्हा सांगावं.